त्याचं ‘बाबौ’

विट्याच्या शेळीबाजारात त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं मला फसवलं. मी सांगितलेला भाव त्यानं जराही नवल न करता मान्य केला.

आमचा सौदा टॉवेलाखाली बोटं धरून चालायचा, म्हणजे भाव दोघांतच राहायचा. बोटं गुपचूप बोलायची, पण त्याचं तोंड सगळ्या बाजाराला ऐकू जायचं. थोडा भाव चढवला की ‘बाबौ’. आणखी चढवला की ‘अगायायाया’. मी चिडून बोकड ओढत निघालो की तो मातीतच बसकण मारायचा. "मेलो रं गड्या, ये माघारी." मी शिव्या देत माघारी जायचो. घासाघीस मी त्याच्याशी भांडूनच शिकलो.

त्या दिवशी तो नुसता म्हणाला, "दिलं."

"आवं मामा, बाबौ तरी म्हणा."

"आता कशाचंच नवल वाटत न्हाई रं."

सौदा मिटला तरी टॉवेलाखाली त्यानं माझी बोटं सोडली नाहीत.

तेव्हापासून तो बाजारात आलेला नाही. मी मुद्दाम दुप्पट भाव सांगतो, तर नवे व्यापारी मान हलवून पुढं जातात. माझ्या रागाला थांबायला कुणाला वेळ नाही. मग मी भांडायचं कुणाशी? याचं उत्तर त्यानं समोर येऊन द्यावं.