प्रसूतिगृहाची भिंत

काच तडकल्याचा आवाज अगदी बारीक असतो. तो ऐकला आणि मी भिंतीकडे वळलो.

चिखली तालुक्यातल्या एका गावचा दवाखाना. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर, नोकरीत नवा. इमारतीचा कोपरा खचून भिंतीला तिरपी भेग पडली होती. भेग वाढतेय का, हे कळावं म्हणून तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटनं बसवतात. भिंत हलली की काच तुटते.

कारण सापडलं होतं. मोरीचं पाणी पायाशी मुरत होतं. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आक्रसते. उपाय म्हणजे जुन्या पायाखाली चार-चार फुटांचे तुकडे खालच्या घट्ट मुरुमापर्यंत खोदायचे आणि खालून नवं दगडी बांधकाम करायचं. एक तुकडा पक्का झाल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही.

पण डेप्युटी इंजिनिअर साहेब म्हणाले, "किती दिवस घालवताय? उरका."

मी शेजारशेजारचे दोन तुकडे एकदम उघडले. गणपत मिस्त्री नको म्हणत होता.

त्या भिंतीच्या आतली खोली मी आधीच रिकामी करायला लावली होती. पण काच तडकली त्याच सकाळी अमडापूरकडून बैलगाडीत एक अडलेली बाई आली. बाळंतपणाचं टेबल तिथंच, म्हणून सिस्टरनं तिला आत घेतलं. मला पत्ताच नव्हता.

"साहेब, भिंत सरकून राह्यली!" मिस्त्री ओरडला.

मी खिडकीशी धावलो. "सिस्टर, बाहेर या! भिंत जाईल!"

"आता तिले हलवता येत नाही," सिस्टर मान वर न करता म्हणाली. "डोकं दिसून राह्यलं. तुमची भिंत तुम्ही पाहा."

मजूर मागं सरले. मिस्त्री मात्र खड्ड्यात उतरला, थेट भिंतीखाली.

"मिस्त्री, वर या!"

"दगड द्या, साहेब. चपटे द्या."

मी दगड देत राहिलो. तो पायाखाली ते रचत होता, वर सागाच्या पाचरी ठोकत होता. त्याच्या पाठीवर माती गळत होती. आतून बाईचं कण्हणं ऐकू येत होतं. घाईत माझ्या हातून एक दगड त्याच्या बोटांवर पडला. त्यानं तोच उचलून जागेवर बसवला.

शेवटची पाचर बसली, तरी आतून काही आवाज नाही. मग बाळ रडलं. बाळंतिणीला बाजेवर घालून बाहेर काढलं, तेव्हा कुठे मिस्त्री वर आला.

पुढे एकेक तुकडा करत काम पुरं व्हायला दीड महिना लागला. मोरीचं पाणी पक्क्या नालीनं लांब नेलं. भिंत उभी राहिली.

भिंत सरकल्याबद्दल डेप्युटी साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. "दोन तुकडे एकदम उघडण्याचा निर्णय माझा," असं मी लिहिलं. ते खरंच होतं. उरका म्हणणारा माणूस खड्ड्यात उतरत नसतो, हे मात्र मी नंतर कधी विसरलो नाही.