शांत व्हा म्हणू नये

मी चंद्रपूरच्या जंगलात वनरक्षक आहे. त्या उन्हाळ्यात बिडीसाठी तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एका बाईला वाघाने गावाजवळच मारलं. पंचनाम्यासाठी मी आणि आमचे वनपाल पोचलो, तेव्हा शंभरेक माणसं जमली होती.

जीपमधून उतरायच्या आतच काचेवर दगड आला. निवृत्तीला आलेल्या वनपालांना चौघांनी खाली ओढलं, लाथा घातल्या. काठीचा एक तडाखा कानावर बसला आणि त्यांचा अर्धा चेहरा रक्ताने भरला.

"भाऊ, शांत व्हा! शांत व्हा!" मी ओरडले.

एका बाईने माझी वेणी धरून मला आपटलं. "तुह्या घरची मेली असती तं शांत बसली असती का वं?"

उठले तर ओठ फाटलेला, तोंडात माती. समोर मेलेल्या बाईचा नवरा. वणवा विझवायच्या कामावर तो आमच्यासोबत असायचा. आज त्याने वनपालांवर कुऱ्हाड उगारली होती.

पुढे एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलं, की दुसऱ्याला सावरताना मेंदूला दोन कामं करावी लागतात. आधी स्वतःची भीती दाबायची आणि मग समोरच्याचं मन कुठे अडकलंय ते ताडायचं. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच दिसलं, की कुऱ्हाड वनपालांवर होती, पण त्याची नजर पुन्हापुन्हा मोहाच्या झाडाखाली जात होती. तिथे त्याची बायको पडली होती. लुगडं फाटून बाजूला गेलं होतं आणि काही जण मोबाईल धरून उभे होते.

"भाऊ," मी हळू म्हटलं, "तिले कोणी झाकलं नाई."

"काय?"

"उघडी पडली हाये. लोक व्हिडिओ काढून राह्यले. मले जाऊ दे तिच्याजवळ."

तो वळला. कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याने पहिल्या माणसाचा मोबाईल उडवला आणि दुसऱ्याचे दात पाडले. मग कुऱ्हाड फेकून तिथेच बसला आणि हंबरडा फोडला.

मी जीपमधली चादर आणली. दुसरं टोक धरायला जी पुढे आली, तिनेच माझी वेणी ओढली होती. आम्ही दोघींनी मेलेल्या बाईला झाकलं. मग लोकांनीच वनपालांना उचलून गाडीत ठेवलं. ते वाचले, पण त्या कानाने त्यांना आजही ऐकू येत नाही.

संध्याकाळी घरी आले. मुलीने तीनदा विचारलं, "आई, ओठाले काय झालं?" तिसऱ्यांदा मी तिच्या अशी कानाखाली मारली, की ती कपाटावर जाऊन आदळली.

पुढे त्या प्रशिक्षणात मी डॉक्टरांना विचारलं, "दाबलेल्या भीतीचं नंतर काय करायचं?"

"ती घरी न्यायची नाही," ते म्हणाले.

"मग कुठी न्यायची?"

 तेवढ्यात जेवणाची सूचना झाली आणि ते उठून गेले.

त्या संध्याकाळनंतर मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी मी तिला सगळं सांगितलं, कुऱ्हाडीपासून चादरीपर्यंत. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मेलेल्या बाईले मुलगी होती का?"

होती. तिथेच गर्दीत उभी होती, पण त्या गडबडीत मी तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. रविवारी आम्ही मायलेकी त्या मुलीला भेटायला तिच्या घरी गेलो.