पळाला म्हणून नेतो

माणसं दोनच प्रकारची असतात, पोलिसात आलेली आणि अजून न आलेली, असं आमच्या जमादार आबांचं ठाम मत होतं. दुसऱ्या प्रकारातला कोणीही दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. त्यांच्या काठीवर एक खाच होती. भरतीला लागणारी उंची तेवढी. लग्नात नवरदेव बोहल्यावर चढायच्या आधी आबा अक्षता मुठीत धरून काठीसकट त्याच्यामागे उभे राहायचे. कापसाच्या मारवाडी व्यापाऱ्याचा मुलगा काट्यावर बसला होता, तर त्याला म्हणाले, "शेठ, छाती फुगवा बरं." धुळ्याच्या बाजारात एका माळणीनं खिसेकापूला केळ्यांच्या घडानं झोडपलं. गर्दी चोराला बघत होती, आबा माळणीला. "अक्का, पोलिसात येशील?" ती म्हणाली, "येते. पण ती अर्धी चड्डी घालणार नाही." आबांनी हे म्हणणं साहेबांपर्यंत नेलं म्हणे, आणि साहेबांनी त्यांना बाहेर नेलं.

साहेबांशी त्यांचा कायमचा वाद एकच. "साहेब, पोलीस बठ्ठा, सगळाच्या सगळा, आपल्याच गावांकडचा. डोंगरातल्या पाड्यावर गेलो की माणसं पळतात आणि आपण कोंबड्यांचा पंचनामा करून येतो. त्यांच्यातला एक पोऱ्या द्या, मग बघा." शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "आणा."

तो पोऱ्या मी. शिरपूरच्या वर, सातपुड्यातला पावरा आदिवासी. पाचवीत शाळा सुटलेली, घरी शेळ्या.

बाजाराच्या दिवशी आबा एसटीतून उतरले ते कडक खाकीत, कारण भरतीला जायचं तर खाकीचा मान राखला पाहिजे. आणि लोक जमावेत म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली. आमच्याकडे शिट्टीचा अर्थ एकच. कांदे, मोहाची फुलं, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं तिथंच टाकून बाजार नाल्यापलीकडे! खांद्यावर करडू घेऊन मी सगळ्यांच्या पुढे. मागून आबा ओरडत होते, "अरे पयू नका रे, भरती शे!" पण ओरडणाऱ्या पोलिसाचं कोण ऐकतं?

दुसरा कोणी असता तर परत गेला असता. आबा तिथंच राहिले. उन्हं कलेपर्यंत एकटे सगळ्यांची दुकानं राखत, कांद्यांवर येणारी गुरं हाकत, कोंबड्यांना पाणी पाजत. माणसं एकेक करून परत आली, तर कोणाचा कांदासुद्धा हलला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "तो करडूवाला कोण?"

सगळ्या बाजारानं माझ्याकडे बोट केलं.

आई पुढे झाली. "पोरानं काय केलं ते सांगा, आम्ही भरून देऊ."

"काही केलं नाही, बाई. पळाला म्हणून नेतो. नोकरीला."

नोकरीचं कोणालाच पटलं नाही. पोलीस माणसाला नेऊन पगार देतात असं कोणी ऐकलं होतं? माझा सख्खा काका मात्र संशयानं माझ्याकडे बघून म्हणाला, "पळाला म्हणजे काहीतरी केलंच असेल." आईनं भाकरी बांधून दिल्या, त्या जरा जास्तच होत्या. शिरपूरच्या स्टँडवर आबांनी भजी घेऊन दिली. ही शेवटचीच, असं समजून मी ती सावकाश खाल्ली.

धुळ्याच्या मैदानावर हुकूम झाला, "सदरा काढ." आता मार, म्हणून मी डोळे मिटले आणि श्वास कोंडला. टेप धरणारा हवालदार म्हणाला, "वा, काय छाती फुगते!" भीतीचाही कुठं कुठं उपयोग होतो. मग शर्यत. मी हळूच आबांना विचारलं, "पळालो तर परत धरणार नाही ना?" त्यांनी आधी मैदानाचं फाटक लावून घेतलं, मग म्हणाले, "आता पळ." संध्याकाळी यादीत माझं नाव वाचलं गेलं. मी मातीत बसलो आणि आईच्या उरलेल्या भाकरीवर तुटून पडलो. आबांनी अर्धी मागून घेतली.

पहिल्या रजेवर निघालो तेव्हा आबा म्हणाले, "खाकी पिशवीत ने. आधी तू जा, मग ती दाखव." ते ऐकलं म्हणून आई घरात सापडली. तिनं चड्डीला हात लावून बघितला आणि काकाला हाक मारली, "ये, बघ काय केलं ते पोरानं!"

अजूनही धुळ्याच्या पोलीस लायनीत गाडीचा आवाज आला की मी दचकतो. घर लांब आहे. पण बंदोबस्ताला वर जातो तेव्हा आमच्या बोलीत हाक मारतो, आणि बाजार जागचा हलत नाही. परवा तर एका म्हातारीनं मलाच कोंबडी धरायला लावली.

हे सांगायला अमळनेरकडे आबांच्या गावी गेलो. पेन्शनीत आता ते फार वाळलेत, काठी खाटेला टेकवलेली. ऐकून त्यांनी डोळे पुसले. मग एकदम चेहरा उतरला.

"कोनीच पयत नई?"

"नाही, आबा."

"मंग पोऱ्या निवडसू कसा?"

निघताना मी वाकून पाया पडलो. उठून उभा राहिलो तर आबा काठीच्या आधारानं माझ्यामागे उभे होते. खाच माझ्या कानाशी आली होती. मी छाती फुगवली आणि त्यांचं मोजून होईपर्यंत हललो नाही.