जयंतीच्या दिवशी चालू ठेवलेलं कांडप

मी कामाला होते ते कापसाच्या जिनिंगचं ऑफिस बंद पडलं तेव्हा माझ्या वयाच्या बायका सासू व्हायच्या तयारीत होत्या. मी सोनपेठला घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिरची कांडायचं यंत्र बसवलं. नवऱ्याची शिक्षकाची नोकरी होती, चूल माझ्यावर अडलेली नव्हती. कुणी मला एका शब्दानं घाई केली नाही. तरी पहिल्याच उन्हाळ्यात मी ठरवून टाकलं की आलेली बाई कांडून घेतल्याशिवाय परत जाणार नाही. ती आज आली तर आजच.

कांडप म्हणजे लोखंडी मुसळं. ती पट्ट्यावर वर जातात आणि उखळात आदळतात. शेडचा पत्रा थरथरतो, दातात कळ येते, मिरचीच्या खकाण्यानं डोळे सुजतात. आमच्याकडे बाई मिरची टाकून जात नाही. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत जाईल, ही धास्ती. ती उखळाशेजारी पदर नाकाला लावून बसते आणि पहारा देते. म्हणून एकीचं झालं की यंत्र बंद करायचं, उखळ कुंच्यानं झाडून काढायचं, मग दुसरीचं घ्यायचं.

त्यात आमची वस्ती बौद्धांची. गावातून आलेल्या एखाद्या बाईच्या तोंडावर न विचारलेला प्रश्न मला दिसायचा, माझ्याआधी कुणाचं कांडलं? तो दिसला की मी उखळ दोनदा झाडायची आणि गेलेला वेळ भरून काढायला दुप्पट जोरानं हात चालवायची. ऊसतोडीच्या टोळीवर असतो तसा एक मुकादम माझ्या डोक्यात बसला होता आणि तो मला गुरासारखं हाकत होता. मी पुढं सगळ्यांना हाकत होते. कुत्र्याला पातेलं फेकून मारलं. मोठी जाऊ चाळायला बसायची. तिचा हात मंदावला म्हणून एकदा तिच्या नडगीवर पळी फेकली.

तिनं पळी उचलली, पुसली आणि माझ्याकडे परत भिरकावली.

"काय गं, मिरच्या कुटायलीस का सवत?"

"अक्का, बोलू नका, चाळा."

"चाळायलेच की. पण सवत असती तर आतापतूर मेली असती. आता तरी थांब."

मी थांबले नाही.

जयंतीच्या दिवशी वस्तीत कुणी कामाला हात लावत नाही. सकाळी वंदना, दुपारी जेवणं, मग मिरवणूक. गल्लीभर निळे झेंडे लागले होते. जाऊ नवं पांढरं लुगडं नेसून शेडच्या दारात उभी राहिली. "आज तरी कुलूप लाव. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील कामाची आहे. दुपारपर्यंतच."

ती पदर खोचून चाळणीवर बसली. बाहेर तीन बायका होत्या. शेवटची राणीसावरगावची म्हातारी, नातीच्या लग्नाची मिरची घेऊन आलेली. ती सारखी उखळाकडे बघायची, मग दाराकडे, मग पुन्हा उखळाकडे. मी मनात म्हटलं, आला तोच प्रश्न. तिच्यादेखत उखळ दोनदा झाडलं आणि म्हटलं, "बसा मावशी, आत्ता देते."

तिची मिरची कांडायला घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी डीजे सुरू झाला. शेड आतून मुसळांनी आणि बाहेरून डीजेनं हादरत होती. कडेला साचलेली मिरची लाकडी पळीनं आत ढकलायची असते. पळी जाऊच्या बाजूला राहिली होती. मी हातानं ढकलायला लागले. जाऊ ओरडली असणार. तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं, शब्द आला नाही. मुसळ आलं.

हात ओढून काढला तेव्हा मधलं बोट टोकाला चपटं झालं होतं आणि त्यात तिखट भरलं होतं. आधी काही वाटलं नाही. मग खांद्यापर्यंत आग पेटली. आणि तेवढ्यात मी काय केलं, तर यंत्र चालू असताना दुसरा हात उखळात घालायला निघाले, रक्त न लागलेली मिरची वाचवायला.

म्हातारीनं माझ्या कानाखाली वाजवली. साधी चापट नव्हती, मी पोत्यावर पडले. जाऊनं बटण बंद केलं.

"मर की मंग त्यात!" म्हातारी ओरडली. "मिरच्यापायी मरायलीस?"

"तुमच्याकडं लग्न हाय ना मावशी... आजच न्यायचं म्हणून..."

"आजच पायजे असं कवा म्हणले मी? लगीन लांब हाय अजून. दाराकडं बघायले ते मिरवणूक कवा येती म्हणून. ठिवून जाते म्हणणार होते, तर तूच म्हणलीस बसा!"

दवाखान्यात बोटाचं टोक कापावं लागलं. त्याआधी जखमेतलं तिखट धुवायचं होतं. जाऊनं माझ्या दंडावर गुडघा रोवला. नव्या लुगड्यावर रक्त आणि तिखट, दोन्ही.

"वरड की," ती म्हणाली. "ऑफिसात न्हाईस तू."

मी ओरडले. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली, असं नवऱ्यानं नंतर सांगितलं.

रक्ताची मिरची शेडमागं खड्ड्यात पुरली. कांडप बरेच दिवस बंद राहिलं आणि काहीही झालं नाही. काही बायका दुसरीकडे गेल्या, काही थांबल्या. म्हातारी वैशाखात नवी मिरची घेऊन आली, भरपाई घेतली नाही, माझं बोट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "स्वस्तात सुटलीस."

हा चौथा उन्हाळा. जयंतीला कुलूप असतं. उखळ एकदाच झाडते. मिरची ठेवून जायची असेल तर ठेवा म्हणते. भरवसा नसेल तर बसा.

परवा झरीची एक बाई घड्याळ बघत म्हणाली, "बाई, जरा हात चालवा की. बस जाईल."

मी हात वर करून तिला बोट दाखवलं. जाऊ चाळणीमागून बोलली, "घाई हाय तर मागं पाटा-वरवंटा हाय. देऊ का काढून?"

ती मिरचीचं पोतं उचलून शिव्या देत निघून गेली. पूर्वी मी तिच्यामागं पळाले असते. मी यंत्र बंद केलं, कुंचा घेतला. पुढची बाई आपली पाटी सरकवत होती. तिला म्हटलं, "थांबा. आधी चहा."

"पाजा," ती म्हणाली आणि ऐसपैस बसली.