आईच्या अंगावरचं गाजरगवत

पोखर्णीला देवळाच्या पंगतीसाठी बायका पोळ्या लाटत होत्या. आईनं कणकेला हात घातला, तोच चुलतीनं परात ओढून घेतली.

"अक्का, तुमी उठा. लोकायला खायचंय ते."

आई पदर पुढं ओढून उठली. मी तिथंच होते, नोकरी करणारी, शिकलेली पोरगी. खाली मान घालून पुढची पोळी लाटत राहिले. त्याचा राग अजून जात नाही.

दोन वर्षं आईच्या पापण्या सुजायच्या, मानेची कातडी चामड्यासारखी जाड झालेली, कोपराच्या खळग्यांतून पाणी झिरपायचं. कुणी म्हणे नागाचा कोप, कुणी महारोग. औषधाचा दुकानदार मलमाच्या नळ्या देत राहिला. तू काम काय करतेस, हे एकानंही तिला विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिला परभणीला नेलं. कातडीच्या डॉक्टरीण बाईंनी पहिलं तेच विचारलं.

"निंदायला जाते," आई म्हणाली.

"गाजरगवत उपटता?"

"त्याच्याबिगर रानात हाय तरी काय?"

त्यांनी पाठीवर तपासणीच्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर वेगळ्या वस्तूचा अर्क. दोन दिवसांनी काढल्या, तर गाजरगवताच्या पट्टीखाली लालभडक फोड होते.

"या गवतातलं द्रव्य कातडीत मुरतं," बाई म्हणाल्या, "आणि कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. प्रथिनाचं रूप बदलतं. मग शरीराला आपलंच प्रथिन परकं वाटतं, ते त्याच्यावर तुटून पडतं. हे दुसऱ्याला लागत नाही."

"पण मी तर जल्मभर उपटायले," आई म्हणाली.

"शरीर चिडायला कधी वर्षं जातात. एकदा चिडलं की विसरत नाही."

घरी येऊन मी चुलतीला सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. ती एवढंच म्हणाली, "आमाला काय माहीत?"

खरंच, कुणाला माहीत होतं? पण ज्यांच्या रानात आई राबली, त्यांच्याकडं मी तिच्यासाठी दुसरं काम मागायला गेले, तेव्हा मालक हसला. "गवताला भिऊन शेती होती का? दुसऱ्या बाया न्हाईत का येत?"

त्या बायांच्या हातात आजही मोजे नाहीत.

आता आई सेलूला माझ्याकडं असते. निंदणं सुटलं. पण घरासमोरच्या शाळेच्या कुंपणापासून रस्त्यापर्यंत तेच पांढऱ्या फुलांचं गवत माजलंय. नगरपालिकेत तीनदा अर्ज दिला. "बघू," म्हणतात. वारं सुटलं की त्याचा भुगा उडून येतो, आईच्या पापण्या पुन्हा सुजतात, आणि मी खिडक्या लावून घेते.