मुठीत अडकलेला आवाज

“गा आता,” मी म्हटलं.

“नाकात नळी घालून?” वेस म्हणाला.

“हो. या खुर्चीत सगळे असेच गातात.”

वेस (नाव बदललंय) पूर्वी रोडिओत बैलावर बसायचा. बैलाला बांधलेला दोर एका हाताने आवळायचा, दुसरा हात हवेत, आणि बैल उधळला तरी पडायचं नाही. एकदा असा पडला की कंबर मोडली. मग कंट्री गाणी गायला लागला. आवाज जरा खरखरीत, आणि प्रत्येक गाण्यात एका ओळीला हुंदका आल्यासारखा अडकायचा. लोक त्यावर फिदा होते.

मी स्पीच थेरपिस्ट. डलासजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये आवाजाच्या तक्रारी बघते. वेसचा आवाज स्टेजवर दोन-तीन गाण्यांतच बसायचा. कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात ना, तसे त्याच्या स्वरतंतूंवर पडले होते. आधीच्या थेरपीचा उपयोग झाला नव्हता.

“यावेळी नाही जमलं तर ऑपरेशन करून घट्टे काढून टाकू,” आमचे सर्जन देशमुख सर म्हणाले. मंडळाच्या गणपतीत ते काका, हॉस्पिटलमध्ये सर.

वेस घाबरला. “मॅम, ऑपरेशननंतर हाच आवाज राहील?”

“खात्री देता येत नाही.”

“बैल गेला. आता गाणंही गेलं तर मला दुसरं काही येत नाही हो.”

मला फार वाईट वाटलं. पण त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. कारण कॅमेऱ्याची नळी घालून तो गायला तेव्हा स्क्रीनवर घट्टे सोडले तर सगळं छान दिसत होतं! घसा मोकळा, कुठे जोर नाही. मग घट्टे पडतात कुठून?

त्याच्या फोनवर स्टेजचा व्हिडिओ होता. तो मी आवाज बंद करून बघितला. गाणं ऐकायला लागलं की मी शरीराकडे बघायचं विसरते.

“वेस, हातात काय धरलंयस?”

“माइकचा स्टँड.”

“असा? मनगट आत वळवून, बोटं पांढरी पडेपर्यंत?”

तो वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मॅम, हा तर मी दोर धरलाय.”

पुन्हा नळी घातली. “आता खुर्चीचा हात तसाच धर आणि गा.” अगं बाई! स्क्रीनवर घसा दोन्हीकडून आवळला. सिलेंडर उचलताना आपण श्वास कोंडतो ना, तसंच हे. हाताने जोर लावला की घसा आपोआप मिटतो. त्या मिटल्या घशातून हा बहाद्दर रोज गाणी ढकलत होता.

“मूठ सोड.”

“सोडली की पडतो, मॅम.”

“इथे कुठे बैल आहे?”

“ते मला कळतं. हाताला नाही कळत.”

मग हाताला शिकवणं आलं. शेवटी मी त्याची हॅटच त्याच्या हातात दिली. हॅट कुणी आवळत नाही, चुरगळते. महागाची होती, त्यामुळे लवकर शिकला. हळूहळू घट्टे ओसरले. सरांनी ऑपरेशन रद्द केलं.

जिथे कंबर मोडली होती, त्याच रिंगणात त्याचा शो झाला. सर आणि मी डलासजवळच्या आमच्या फ्रिस्कोहून ड्राइव्ह करून गेलो. एका हातात हॅट अलगद धरून तो एकामागून एक गाणी गात होता, आवाज शाबूत. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या गाण्यात त्याने हॅट डोक्यावर घातली आणि स्टँड धरला. मनगट आत. हुंदक्याची ओळ आली, आवाज अडकला आणि अख्खं रिंगण उभं राहिलं.

मीही उभी राहिले, पण ओरडायला. “अरे, मूठ सोड मेल्या!” चक्क मराठीत.

“खाली बस गं,” काका म्हणाले. “त्या ओळीसाठीच लोक आलेत.”

पुढच्या व्हिजिटला मी रागावलेच. तो हॅट काढून म्हणाला, “एवढी एकच ओळ, मॅम. ती सोडली तर मी कोण?”

घसा तपासला. ठीक होता. रिपोर्टमध्ये लिहिलं: प्रगती उत्तम, एक ओळ माफ.