छायाचित्रातील गुलाल

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार, सायंकाळी सहा. विधानसभेचा प्रचार नियमाप्रमाणे संपला; गल्लीतला कर्णा वाक्याच्या मध्येच थांबला. थोड्याच वेळात माझ्या फोनवर माझेच छायाचित्र आले.

आदल्या दिवशी, रविवारी, मी जोतिबाला गेलो होतो. तिथे गुलालाची उधळण चालते; कोणी पांढऱ्या सदऱ्याने परतत नाही. पायऱ्यांवर एका माजी विद्यार्थ्याने हौसेने माझे छायाचित्र घेतले. तो एका उमेदवाराचे काम करतो, हे मला ठाऊक होते. तरी मी उभा राहिलो. आता त्या छायाचित्राखाली उमेदवाराचे चिन्ह होते आणि ओळ होती: ‘गुरुजींचा गुलाल आम्हालाच.’ देवाचा गुलाल त्यांनी विजयाचा करून टाकला होता.

शिक्षक म्हणून मी अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले. प्रचाराचे पत्रक हाती आले की त्यावर कायद्याने लागणारे मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव शोधायची सवय तेव्हाची. या चित्रावर कोणाचेच नाव नव्हते. माझे मत कोणाला, हे मी पत्नी हयात असताना तिलाही सांगितले नाही.

साडेसहाला दूधवाली आली. वीस वर्षे ती दर निवडणुकीला विचारते, ‘गुरुजी, मत कुणाला टाकू?’ मी म्हणतो, ‘तुझे तू ठरव.’ या वेळी तिने विचारले नाही.

‘फोटू बघितला की गुरुजी. गुलालात नवरदेव दिसताय.’

‘ती जाहिरात खोटी आहे. मला कोणी विचारलेले नाही.’

‘व्हय व्हय, तुमी असंच म्हणणार. माझं मन दुसऱ्याकडं हुतं. आता घरातली चारबी मतं तुमच्या माणसाला.’

‘तो माझा माणूस नाही.’

‘मग कुणाला टाकू, ते तरी सांगा.’

‘तुझे मन होते तिकडे टाक,’ एवढेच म्हणायचे होते. पण सहा वाजून गेले होते, आणि तेही प्रचारच ठरले असते. मी बोललो नाही.

‘बघा, गप्प बसलासा,’ ती हसत म्हणाली आणि किटली उचलून गेली.

विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘गुरुजी, मी नुसता ग्रुपवर टाकला. फुडं कुणी काय केलं, मला काय ठावं? आणि आता कुठनं कुठनं काढू?’

मी निवडणूक कार्यालयाला लेखी तक्रार लिहिली. तिची चौकशी होईल, याविषयी मला शंका नव्हती. मतदान मात्र परवावर होते. सहानंतर गप्प बसण्याचा नियम त्या गल्लीत मी एकट्यानेच पाळला, आणि त्याचा लाभ त्या उमेदवाराला झाला.

तक्रार पाकिटात घातली. दूध तापवले. गॅस बंद केला.